करी, कढी आणि आपलं लगावण



मागच्या महिन्यात लेस्टरहून भाचीचा फोन आला. तिच्या ऑफिसात एक दिवस प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा ठरलं होतं. यादीत तिच्या नावापुढे कुणीतरी तिला न विचारताच 'करी' असं लिहून टाकलेलं. ती म्हणाली, "मावशी, आपल्या घरात करी म्हणतात ते नेमकं कशाला गं? म्हणजे तेच करून नेते."

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. कढी म्हणावी, तर ती ताकाची. आमटी म्हणजे डाळीची. रस्सा म्हणावा तर इथल्या कुणालाही आधी मिसळच आठवते. भाजी ओलीही असते आणि सुकीही. सार पातळ, पिठलं घट्ट. नाशिकच्या आसपासच्या खेड्यांत भाकरीबरोबर जे असेल त्याला कालवण किंवा कोरड्यास म्हणतात, आणि गंमत म्हणजे कोरड्यास पुष्कळदा चांगलं पातळ असतं! एवढे शब्द आपल्याकडे आहेत, पण त्यातला एकही 'करी'च्या मापाचा नाही. तिला म्हटलं, दोन दिवस थांब, बघून सांगते. आणि मग वाचत बसले. जे मिळालं ते तुमच्यासाठीही लिहिते, कारण हा शब्द आपल्याही ताटात कधीचा येऊन बसलाय.

आधी शब्दाचं माहेर. जाणकार बहुतेक 'करी'चं मूळ तमिळमध्ये सांगतात. तिथला शब्द 'कऱि', त्यातला 'र' आपल्यापेक्षा कडक. दक्षिणेतल्या इतर भाषांतही त्याची भावंडं आहेत. त्याचे जुने अर्थ दोन-तीन आहेत. पहिला अर्थ चक्क काळी मिरी. प्राचीन तमिळ कवितांमध्ये मुचिरी बंदराचं वर्णन येतं. मुचिरी म्हणजे आजच्या केरळच्या किनाऱ्यावरचं त्या काळचं मोठं बंदर. यवनांची जहाजं तिथे सोनं घेऊन यायची आणि 'कऱि' भरून परत जायची. ही कऱि म्हणजे मिरी. दुसरा अर्थ, भाताबरोबर तोंडी लावायचा पदार्थ. भाज्यांना आजही तमिळमध्ये 'काय्-कऱि' म्हणतात.

तिसरा अर्थ मात्र आपल्याला दचकवणारा आहे. तमिळनाडूतल्या मांसाहारी घरात आज नुसतं 'कऱि' म्हटलं की मांस असाच अर्थ घेतात. आणि त्याच गावातल्या ब्राह्मण घरात कच्च्या केळ्याची सुकी भाजी केली तर तीही 'कऱि'! शब्द तोच, गल्ली बदलली की ताट बदलतं. म्हणजे नुसतं नाव ऐकून पानात घेण्यासारखा हा शब्द त्याच्या माहेरीसुद्धा नाही.

पण याच तमिळ देशातली एक गोष्ट वाचली आणि मला फार आनंद झाला. 'शिलप्पदिकारम्' हे तमिळमधलं महाकाव्य तुम्ही ऐकलं असेल. परंपरेने ते इळंगो अडिगळ या राजकुळातल्या साधूचं मानतात, आणि ते जैन होते असं अनेकांचं म्हणणं आहे. काव्याच्या काळाबद्दल वाद आहेत, पण साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं असं पुष्कळ अभ्यासक धरतात. कण्णगी आणि तिचा नवरा कोवलन सगळं गमावून पुहार सोडतात आणि पायी मदुरेला निघतात. वाटेत त्यांना कवुंदी नावाच्या जैन साध्वी भेटतात आणि त्यांच्याबरोबरच चालू लागतात. शेतातून जाताना गोगलगायी आणि खेकडे पायाखाली येऊ शकतात, म्हणून त्या दोघांना आधीच जपून चालायला सांगतात. आपल्या महासतीजी विहारात खाली बघत चालतात, ते डोळ्यांसमोर आलं.

मदुरेजवळ पोचल्यावर साध्वी या दोघांना मादरी नावाच्या गवळणीकडे सोपवतात. आणि ही गवळण, जी स्वतः जैन नाही, घरातल्यांना काय सांगते बघा: हे श्रावकाचं व्रत पाळणारे आहेत, दिवसाउजेडी जेवणारे, तेव्हा स्वयंपाकाची चांगली भांडी हिला लगेच द्या. मग शिधा येतो. फणस, पट्ट्यापट्ट्यांची वाकडी काकडी, हिरवं डाळिंब, आंबा, केळी, साळीचा तांदूळ आणि घरचं दूधदुभतं. मादरीची मुलगी चूल पेटवून देते. कण्णगी वाकड्या पात्याच्या विळीवर भाज्या चिरते, तिची बोटं लाल होतात, चेहरा घामेजतो, धुराने डोळे चुरचुरतात. तो कोवलनचा शेवटचा घास ठरतो. जेवून तो पैंजण विकायला बाजारात जातो आणि परत येत नाही.

मी ती शिध्याची यादी दोनदा वाचली. त्यात एकही कंद नाही. सगळं झाडावरचं नाहीतर वेलीवरचं. 'करी' या शब्दाच्या देशातलं एवढं जुनं, एवढं तपशीलवार स्वयंपाकघर आपल्याला दिसतं, आणि ते चौविहाराच्या घाईतलं श्रावकाचं स्वयंपाकघर निघतं! संध्याकाळी घड्याळाकडे बघत कुकर लावणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना कण्णगीची घाई वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तमिळ देशातून आता पश्चिमेकडे, आपल्या किनाऱ्याजवळ येऊ, कारण हा शब्द जगभर गेला तो मुख्यतः या वाटेने. 1508 च्या सुमारास कर्नाटकात तिसरा मंगरस या जैन कवीने कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' लिहिलं. सगळं शाकाहारी आणि पद्यात. त्यात वांगी आहेत, फणस आहे, कच्ची केळी आहेत. (वांगी वाचून तुमच्यातल्या अर्ध्याजणींच्या भुवया वर गेल्या असतील, बहुबीज म्हणून. माझ्याही गेल्या.) पुढे दोनच वर्षांनी, 1510 मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मंगरसाचं पुस्तक कन्नडमध्येच राहिलं, आणि आपल्या जेवणाला नाव द्यायचं काम गोव्यात उतरलेल्या परक्यांकडे गेलं. इतिहासात हे असं होतं खरं.

पोर्तुगीजांनी 'कऱि'चं 'कारिल' केलं. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात नारळाबद्दल लिहिताना तो सांगतो की नारळाच्या दुधात कोंबडी आणि मांस शिजवतात, त्याला कारिल म्हणतात. पुढे 1583 मध्ये लिन्सखोटेन नावाचा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा सचिव म्हणून आला. तो म्हणतो, इथले लोक रोज भातावर आंबटसर पाणीदार कालवण घेतात, मासे त्याबरोबर खातात. ते आंबट कशाने झालं ते त्याला कळलं नसावं, त्याला आपल्या देशातली कच्ची द्राक्षं आठवली. मला वाचताना आमसूल आठवलं.

तिसरा प्रवासी माझा आवडता, पिएत्रो देल्ला वाल्ले. इटलीचा. 1623 मध्ये आपल्याकडे फिरत होता. खंभातला जखमी आणि आजारी पक्ष्यांसाठी चालवलेलं रुग्णालय पाहून त्याने त्याबद्दल आवर्जून लिहिलं. हा मनुष्य कारिलची पाककृती जवळजवळ पूर्ण देतो. लोणी, नारळाचा गर, वेलदोडा आणि इतर मसाले, भाज्या, फळं, यांचं दाट कालवण आणि ते साध्या भातावर ओतायचं. आणि मग तो एक वाक्य घालतो, ज्याचा अर्थ असा की जे ख्रिस्ती सगळंच खातात ते त्यात मांस, मासेही घालतात. म्हणजे त्याच्या लेखी कारिलचा पाया भाज्या आणि फळांचा, मांस ही वरची भर.

ऑर्ताने कोंबडी पाहिली, लिन्सखोटेनने मासे, देल्ला वाल्लेने भाज्या. तिघंही खरं बोलत होते. जो ज्या पंगतीत बसला, त्या पंगतीचं त्याने लिहिलं. कारण 'कारिल' ही एक पाककृती नव्हतीच. भाताबरोबर जे कालवतो ते कारिल.

आणि इथे मला आमच्या सासूबाईंचा शब्द आठवला. त्या मारवाडीत विचारायच्या, "आज लगावण कांई?" पोळीला, भाकरीला जे लावून खायचं ते लगावण. डाळ असो, गट्टे असोत, मंगोडी असो, पापडाची भाजी असो की नुसती चटणी. मराठीत कालवण म्हणजे कालवायचं ते. भाताशी बोटांनी एकत्र करायचं ते. म्हणून तर 'तोंडी लावायला' म्हणतो आपण. जुन्या 'कऱि'ला बरोबर जाणारे हे आपले शब्द. पदार्थाची नावं नाहीतच ही, ताटातल्या जागेची नावं आहेत.

इंग्रजांनी काय केलं, तर ताटातल्या जागेचा एक पदार्थ केला. 1747 मध्ये लंडनला हॅना ग्लास या बाईचं स्वयंपाकाचं पुस्तक निघालं, त्यात हिंदुस्थानी पद्धतीची करी आहे, कोंबडीची, आणि मसाला म्हणून धने आणि काळी मिरी. मिरची नाही. पुढे 1784 मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या एका अत्तराच्या दुकानाने तयार करी पावडरची जाहिरात दिली. अत्तराच्या दुकानाने, बरं का! कंपनीची नोकरी संपवून मायदेशी गेलेल्या साहेबांना घरबसल्या ती चव हवी होती. तेव्हापासून कुठल्याही भाजीत, कुठल्याही मांसात तीच पिवळी पूड घातली की झाली करी. आपल्याकडे गोडा मसाला वेगळा, काळा मसाला वेगळा, कांडपाला जाताना प्रत्येक घरच्या पिशवीत दगडफुलाचं, तिळाचं, खोबऱ्याचं माप वेगळं. शेजारणीच्या आणि माझ्या मसाल्याचा डबा चुकून बदलला तर माझ्या घरात पहिल्या घासाला कळतं. आणि तिकडे अख्ख्या देशाला एकच डबा.

काहीजण असंही सांगतात की करी हा शब्द मुळात इंग्रजीच, कारण 1390 च्या सुमारास इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्यांच्या पाककृतींच्या संग्रहाच्या नावात 'क्युरी' आहे. तो शब्द वेगळा, फ्रेंचमधल्या 'शिजवणे' वरून आलेला, अर्थ फक्त स्वयंपाक. उच्चाराच्या सारखेपणावर जाऊ नका.

तीच गोष्ट आपल्या कढीची. 'करी हा कढीचाच अपभ्रंश' असं बायका सर्रास सांगतात, मीही सांगायचे. पण कढीचं घराणं स्वतंत्र आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच आचार्यांनी लिहून ठेवलाय. बाराव्या शतकात गुजरातेत कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी व्याकरण रचलं, त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा. संस्कृत 'क्वथ्' म्हणजे उकळणे. प्राकृतात त्याची रूपं काय होतात, ते आचार्य सांगतात: एक 'कढ', दुसरं 'अट्ट'. आता स्वयंपाकघरात कान देऊन ऐका. तूप कढवतो, दूध कढतं, ताक कढलं की कढी. आणि दूध आटतं, बासुंदी आटवतो. ती दोन्ही रूपं रोज सकाळी माझ्या गॅसवर असतात आणि मला चाळीस वर्षं पत्ता नव्हता!

कढीपत्त्यात मात्र दोन घराण्यांची गाठ पडते. तमिळमध्ये त्या पानाला म्हणतात 'कऱिवेप्पिलै', म्हणजे कऱिच्या कडुनिंबाचं पान. मराठीत जुनी माणसं म्हणतात कढीलिंब, म्हणजे कढीचा लिंब. दोन्हीकडच्या बायकांना ते पान बघून लिंबच आठवला आणि आपापल्या कालवणाचं नाव त्यांनी त्याला लावलं. गोव्यात तर आजही भातावरच्या पातळ कालवणाला कोंकणीत कडी म्हणतात.

कढीचा विषय निघाला म्हणून नव्या सुनांसाठी एक आठवण. ताक कच्चं आणि त्यात बेसन, हे द्विदल होतं. आधी ताक चांगलं गरम करायचं, मग पीठ. काहीजणी घाईत सगळं एकदम घुसळून गॅसवर ठेवतात. चवीला फरक पडत नाही, नियमाला पडतो.

आता आपल्या नाशिकला या. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखलं जाणारं लासलगाव आपल्याच जिल्ह्यात. कांद्याच्या व्यापारात आपल्यातलीही घरं आहेत, हे कशाला लपवायचं. लिलावाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रांगा बघितल्या की वाटतं, सगळी सृष्टी कांद्यावर चाललीय. अशा जिल्ह्यात राहून कांदा न खाणाऱ्या बाईला जन्मभर एक वाक्य ऐकावं लागतं: "कांदा-लसणाशिवाय ग्रेव्हीला काय चव येणार?" पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता उत्तर आहे. कांदा आपल्या देशात जुनाच आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण हॉटेलातल्या ज्या लालभडक रश्श्याला लोक परंपरा समजतात, त्यातली मिरची आणि टोमॅटो पोर्तुगीजांच्या काळाआधी या देशात नव्हतेच. बटाटाही नाही. ती सगळी अमेरिका खंडातून आलेली. 'करी'च्या जुन्या अर्थांत मिरी आहे, भाजी आहे, भाताची सोबत आहे. कांदा त्या शब्दात कुठेच नाही.

आणि मिरी तर आपल्या आयंबिलातही चालते, बऱ्याच ठिकाणी. तूप नाही, तेल नाही, दूध-दही नाही, साखर-गूळ नाही, अशा त्या उकडलेल्या धान्यावर जी मिरपूड भुरभुरतो, तिला दोन हजार वर्षांपूर्वी मुचिरीच्या धक्क्यावर 'कऱि' म्हणत होते. पुढच्या ओळीत ताटाला हात लावताना मला हे नक्की आठवेल.

मला खरा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात बुफेवर पाटी होती, 'जैन करी'. रंग बघून शंका आली म्हणून वाढणाऱ्या मुलाला विचारलं. तो बिचारा खरं बोलला: "ताई, वरून कांदा नाही घातला. ग्रेव्ही तीच आहे सगळ्यांची." मोठ्या स्वयंपाकात लाल, पांढरी, पिवळी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या आधीच करून ठेवतात, मग त्यात पनीर टाकलं की एक नाव, काजू टाकले की दुसरं. माझ्या मागे एक आजी उभ्या होत्या, वर्षीतपाचं पारणं नुकतंच झालेल्या. त्यांनी वाटी भरून घेतली होती. मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा अजून विसरले नाही.

आपल्या घरी महासतीजी गोचरीला येतात तेव्हा पात्रात घेण्याआधी काय आहे, कशाचं आहे, केव्हा केलं, हे सगळं विचारतात. तिथे 'करी आहे' असं सांगून चालेल का? तिथे सांगावं लागतं: मुगाची मंगोडी आहे, टोमॅटोच्या रसात, हिंग-जिऱ्याची फोडणी, सकाळी केली. आपलं खाणं टिकलंय ते या विचारण्यावर. हळद कंदच, पण वाळलेली म्हणून चालते. आलं नाही, सुंठ चालते. तिथीला हिरवी भाजी नाही म्हणून गट्टे आणि पापड. एवढे बारकावे पाळणाऱ्या स्वयंपाकघराला 'करी' हा शब्द म्हणजे झाकण लावलेला डबा. आत काय आहे ते तो कधी सांगतच नाही.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. एक तास लागला, तिने मधे एकदा चहाही करून घेतला. शेवटी तिने गट्ट्याची भाजी करून नेली. यादीतलं 'करी' तिने खोडलं, डब्यावर चिठ्ठी लावली: गट्टे, आणि खाली बेसन, दही, धने, जिरे, हळद, लाल तिखट, हिंग, सगळं ओळीने. तिच्या ऑफिसातल्या एका मुलीला कशाची तरी ॲलर्जी आहे, तिने ती चिठ्ठी पूर्ण वाचली आणि मग निश्चिंत होऊन दोनदा वाढून घेतलं म्हणे. ती विचारत होती, या प्रकाराला एकच नाव नाही का? भाचीने सांगितलं, "लगावण." तिला काही ते नीट म्हणता आलं नाही.

"दही आधी तापवलं होतंस ना?" मी विचारलं.

"मावशी! ते कसं विसरेन!"

— नाशिक